अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक: बाबांचे प्रश्न आणि माझी तारांबळ

ओमाहाकर:

२०२४ च्या ऑक्टोबरात बाबा आमच्याकडे नेब्रास्काला आले होते. बाबा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेत. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत एकही निवडणूक त्यांनी ड्युटी लागल्याशिवाय पाहिलेली नाही. कधी केंद्राध्यक्ष, कधी मतमोजणीच्या टेबलावर, आणि रात्री दीड वाजता साहित्य जमा करून पोचपावती खिशात घालूनच घरी. असा माणूस अमेरिकेची निवडणूक बघायला बसला की काय होतं ते मी महिनाभर भोगलं. तिसऱ्याच दिवशी चहा पिताना प्रश्न आला, "इथल्या निवडणूक आयोगाचं ऑफिस कुठे असतं?" मी म्हटलं, आपल्यासारखा आयोगच नाही. त्यांनी कप खाली ठेवला.

तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं बातम्या ऐकून मला शब्द पाठ होते, पण मराठीत समजावून सांगायचं म्हटलं की जीभ अडखळत होती. मराठी पेपरांतले प्रतिशब्द तर कधीकधी गोंधळ वाढवतातच. म्हणून हा धागा. हा कोश नव्हे. बाबा जिथे जिथे अडले तिथे तिथे मीही थांबले, एवढंच.

सगळ्यात आधी हे डोक्यात बसवावं लागतं की अमेरिकेच्या अध्यक्षासाठी देशभराची अशी एक निवडणूक होतच नाही. एकाच मंगळवारी ५१ निवडणुका होतात, ५० राज्यांच्या आणि एक राजधानी वॉशिंग्टन डी.सी.ची. मतदार यादी राज्याची, मतपत्रिका राज्याची, ओळखपत्र लागतं की नाही तेही राज्याच्या कायद्यावर. प्रत्यक्ष काम करतात कौंट्या (आपले जिल्हे समजा), आणि त्या तीन हजारांहून जास्त आहेत. 'फेडरल इलेक्शन कमिशन' नावाची एक संस्था आहे, पण ती प्रचाराच्या पैशांचा हिशेब बघते. मतपेटीशी तिचा संबंध नाही.

दुसरा शब्द इलेक्टर. मतपत्रिकेवर नाव ट्रम्प (रिपब्लिकन पक्ष) किंवा हॅरिस (डेमोक्रॅटिक पक्ष) यांचं असलं तरी मत पडतं ते त्यांच्या पक्षाने त्या राज्यात नेमलेल्या इलेक्टरांना. इथे मला साखर कारखान्याची निवडणूक कामी आली. तिथे 'पॅनेल' असतं ना? अख्खं पॅनेल निवडून येतं किंवा अख्खं पडतं. बहुतेक राज्यांत तसंच आहे. एक मत जास्त मिळालं तरी त्या राज्याचे सगळे इलेक्टर त्या पक्षाचे. हे वाक्य ऐकून बाबांचा चेहरा खुलला, "मग असं सांग ना!"

राज्याला इलेक्टर किती? प्रतिनिधिगृहात (संसदेचं खालचं सभागृह, आपली लोकसभा समजा) जेवढे सदस्य तेवढे, अधिक सिनेटचे, म्हणजे वरच्या सभागृहाचे, दोन. नेब्रास्काचे ३ अधिक २, म्हणजे ५. कॅलिफोर्नियाचे ५४, वायोमिंगचे ३. डी.सी.ला १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीने ३ मिळाले. सगळ्यांची बेरीज ५३८, आणि निम्म्याहून एक जास्त म्हणजे २७०. टीव्हीवर रात्रभर जो आकडा घोकतात तो हा.

या ५३८ जणांना मिळून म्हणतात इलेक्टोरल कॉलेज. बाबांनी साहजिकच विचारलं, ते आहे कुठे? कुठेच नाही. हे लोक एका छताखाली कधी जमतच नाहीत. डिसेंबरात आपापल्या राज्याच्या राजधानीत भेटतात, मतं देतात आणि घरी जातात. २०२४ साली तो दिवस १७ डिसेंबर होता.

पुढचं उद्या. स्वयंपाक राहिलाय.

तिरकस:

इमारत नाही, प्राध्यापक नाहीत, चार वर्षांतून एकदा हजेरी. आमच्या तालुक्यात अशी तीन कॉलेजं आहेत.

कंदीपेढा:

पॅनेलचं उदाहरण एकदम पटलं. पण पॅनेलमध्ये क्रॉस व्होटिंगही होतं की. निवडून आलेला इलेक्टर फुटला तर?

वकिलीण:

कंदीपेढा, फुटतात. त्यांना तिकडे 'फेथलेस इलेक्टर' म्हणतात. शब्दशः भाषांतर करू नका, आपल्याकडे 'फुटीर' हा चांगला घडवलेला शब्द आहे, तोच वापरा.

२०१६ साली सात इलेक्टर फुटले होते. ट्रम्प यांचे ३०६ चे ३०४ झाले, डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांचे २३२ चे २२७. गंमत म्हणजे ज्या पक्षाची निवडणूक हातची गेली होती त्याचेच जास्त फुटले. वॉशिंग्टन राज्यात (राजधानी नव्हे, सिअ‍ॅटल आहे ते) चार जणांनी क्लिंटन यांच्याऐवजी भलत्यांनाच मतं दिली, त्यातली तीन तर माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांना, जे उमेदवारही नव्हते! राज्याने त्यांना दंड केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२० साली निकाल लागला की इलेक्टरने दिलेला शब्द राज्य त्याला पाळायला लावू शकतं. निकाल एकमताने, मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती केगन यांचं.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट आहे, आणि ते मला जास्त रंजक वाटतं. आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतही निर्वाचक मंडळ असतं, खासदार आणि आमदारांचं. पण मतदान गुप्त आणि पक्षाला व्हिप काढता येत नाही. १९६९ ला इंदिरा गांधींनी 'अंतरात्म्याचा आवाज' ऐकायला सांगितलं आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडले, व्ही. व्ही. गिरी आले. २००७ ला शिवसेना एनडीएत असून प्रतिभाताईंच्या मागे उभी राहिली, कारण मराठी माणूस राष्ट्रपती होतोय. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत इलेक्टरला आता एवढी मोकळीक उरलेली नाही.

ओमाहाकर:

वकिलीणबाई, १९६९ हा शब्द काढू नका. बाबा तिकडून हे वाचतायत, आता फोनवर तासभर गिरी-रेड्डी.

कालच्या पुढे. 'बहुतेक राज्यांत अख्खं पॅनेल' असं मी लिहिलं होतं. त्यातला 'बहुतेक' हा शब्द आमच्या घरचाच आहे. मेन राज्याने १९७२ पासून आणि आमच्या नेब्रास्काने १९९२ पासून वेगळी पद्धत घेतली. दोन इलेक्टर राज्यभरातल्या बेरजेवर आणि बाकीचा एकेक प्रतिनिधिगृहाच्या प्रत्येक मतदारसंघातल्या निकालावर. आमचं राज्य पक्कं रिपब्लिकन, पण ओमाहा शहराचा मतदारसंघ अधूनमधून डेमोक्रॅटांकडे जातो. २००८ ला ओबामांना गेला, २०२० ला बायडन यांना. नकाशात रिपब्लिकन लाल, डेमोक्रॅट निळे; म्हणजे अख्ख्या लाल नकाशात एक निळा ठिपका. २०२४ ला शेजारच्या अंगणांत पाट्या लागल्या होत्या, पांढऱ्या पुठ्ठ्यावर नुसतं एक निळं वर्तुळ. ना नाव, ना चिन्ह. बाबा म्हणाले, "हे पोलिओच्या दोन थेंबांचं आहे का?"

आता बघा, या ठिपक्यासाठी किती आटापिटा झाला. पेनसिल्व्हेनिया (१९), मिशिगन (१५) आणि विस्कॉन्सिन (१०) ही तीन हॅरिस यांना मिळाली असती आणि बाकीची चार तळ्यातमळ्यातली राज्यं ट्रम्प यांना, तर आमचा ठिपका धरून हॅरिस यांचे बरोबर २७० झाले असते. ठिपका वजा केला की २६९-२६९. म्हणून सप्टेंबरात ट्रम्प यांचे लोक राज्याचा कायदा बदलून पुन्हा 'अख्खं पॅनेल' आणायला बघत होते. सिनेटर लिंडसी ग्रॅहम साउथ कॅरोलायनाहून इथे येऊन आमदारांना भेटून गेले. ओमाहाचे माइक मॅकडॉनेल नावाचे आमदार, जे त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झाले होते, ते म्हणाले की निवडणूक तोंडावर असताना नियम बदलणार नाही. विषय तिथेच संपला. शेवटी ट्रम्प यांनी सातच्या सात राज्यं घेतली, ३१२-२२६ झालं, आणि ठिपका हॅरिस यांना मिळूनही काही फरक पडला नाही. पण तो महिना आम्ही व्हीआयपी होतो.

ती सात राज्यं म्हणजे स्विंग स्टेट्स: वरची तीन, शिवाय जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, अ‍ॅरिझोना, नेवाडा. उमेदवारांच्या सभा, जाहिराती, पैसा सगळं तिथे. कॅलिफोर्नियात कुणी फिरकतही नाही, फार तर पैसे गोळा करायला.

मिशिगनमावशी:

अगं, तुझ्या ठिपक्याचं कौतुक ठीक आहे, पण स्विंग राज्यात राहणं म्हणजे काय ते मला विचार. दोन महिने दारावर थाप, फोन, आणि पोस्टाच्या पेटीत रोज पत्रकांचा गठ्ठा. पोरं त्याची विमानं करायची.

२६९-२६९ झालं असतं तर काय, ते राहिलंच. मग निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते, पण सदस्यांनी एकेक मत द्यायचं नाही. प्रत्येक राज्याला एकच मत! कॅलिफोर्नियाच्या ५२ सदस्यांचं मिळून एक आणि वायोमिंगच्या एकट्या सदस्याचं एक. ५० पैकी २६ मिळाली की अध्यक्ष. डी.सी.ला मतच नाही. उपाध्यक्ष निवडतं सिनेट, तिथे मात्र माणशी एक मत. आमच्या मिशिगनचे १३ सदस्य, त्यात एक आपले श्री ठाणेदार, चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले. म्हणजे तशी वेळ आली असती तर अमेरिकेचा अध्यक्ष ठरवणाऱ्या त्या एका मतात एक तेरांश हिस्सा बेळगावकराचा!

कंदीपेढा:

असं कधी खरंच झालंय का?

मिशिगनमावशी:

अध्यक्षाच्या बाबतीत दोनदा. १८०१ मध्ये जेफरसन आणि बर यांची मतं समान, ७३-७३. १८२५ मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांना मतंही जास्त आणि इलेक्टरही जास्त, पण बहुमत कुणालाच नाही. सभागृहाने जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना निवडलं. अ‍ॅडम्सना पाठिंबा देणारे हेन्री क्ले मग त्यांचेच परराष्ट्रमंत्री झाले. जॅक्सन यांचे लोक पुढची चार वर्षं 'सौदा झाला, सौदा झाला' म्हणून ओरडत होते.

तिरकस:

खोकी तेव्हापासून आहेत तर.

वकिलीण:

जेफरसन आणि बर हे एकाच पक्षाचे होते, हे सांगितल्याशिवाय ती गोष्ट कळत नाही. तेव्हा प्रत्येक इलेक्टरला दोन मतं असत. पहिला येईल तो अध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. पक्षाच्या इलेक्टरांनी इमानदारीत दोघांनाही सारखीच मतं दिली आणि पंचाईत झाली. सभागृहात ३६ फेऱ्या झाल्या तेव्हा जेफरसन निवडून आले. त्यानंतर १८०४ ला बारावी घटनादुरुस्ती करून दोन्ही पदांसाठी वेगळं मत केलं. आज 'रनिंग मेट' म्हणून जी जोडी उभी राहते, तिची मुळं त्या भानगडीत आहेत.

नळस्टॉप:

मला एक कळत नाही. आपण हे सगळं इतक्या कौतुकाने का सांगतोय? ही उघड उघड अन्यायाची पद्धत आहे. जास्त मतं मिळवणारा उमेदवार पाच वेळा घरी बसलाय: १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६. क्लिंटन यांना २८ लाखांहून जास्त मतं अधिक होती. त्यात छोट्या राज्यांना झुकतं माप. २०२० च्या जनगणनेने वायोमिंगची लोकसंख्या सुमारे ५.७७ लाख, म्हणजे एका इलेक्टरमागे १ लाख ९२ हजार माणसं. कॅलिफोर्नियात एका इलेक्टरमागे ७ लाख ३२ हजार. एका माणसाचं मत दुसऱ्याच्या जवळपास चौपट.

आपल्या घटनाकारांनी हे किती नीट केलंय बघा. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आमदाराच्या मताचं मूल्य लोकसंख्येवर ठरतं, तेही १९७१ च्या. महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८, गोव्याच्या २०, सिक्कीमच्या ७. गोव्याच्या चाळीस आमदारांची बेरीज ८००, आपल्या २८८ जणांची ५०,४००. राज्यसभेतही महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा १. अमेरिकेत दोघांनाही दोन दोन मिळाले असते!

पीचट्री:

नळस्टॉप, आकडे बरोबर, पण छोट्या राज्यांवर सगळा राग काढून उपयोग नाही. २००० सालचं फ्लोरिडा घ्या. ते काही छोटं राज्य नाही. जवळपास ६० लाख मतं, फरक फक्त ५३७ चा, आणि त्या ५३७ मतांवर २५ इलेक्टर रिपब्लिकन जॉर्ज बुश यांच्याकडे. देशभरात डेमोक्रॅट अल गोर यांना पाच लाखांवर मतं जास्त होती. मतपत्रिकेला भोक पाडायची पद्धत होती. कागदाचा तुकडा पूर्ण पडला नाही, नुसता लोंबकळत राहिला, तर ते मत धरायचं का यावर महिनाभर वाद. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी फेरमोजणी थांबवली. खरं दुखणं 'अख्खं पॅनेल' हे आहे, आणि ते घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. राज्यांनी आपापल्या सोयीने केलेला कायदा आहे. नेब्रास्काने बदलला, बाकीचेही बदलू शकतात. बदलत नाहीत, कारण राज्यात ज्याची सत्ता त्याला अख्खं पॅनेल हवं असतं.

वकिलीण:

मूळ कारणांत आणखी एक आहे, ते सोयीस्करपणे गाळलं जातं. १७८७ ला फिलाडेल्फियात घटना लिहिताना थेट जनतेच्या मताचा पर्याय पुढे आला होता. दक्षिणेतल्या राज्यांत गुलामांची संख्या प्रचंड आणि त्यांना मत नाही. थेट मतदानात ती राज्यं मागे पडली असती. पण प्रतिनिधिगृहाच्या जागा मोजताना पाच गुलामांमागे तीन माणसं धरायची असं ठरलं होतं. इलेक्टर त्या जागांवर बेतले की गुलामांच्या संख्येचा फायदा मालकांच्या राज्याला मिळतो. हे एकमेव कारण नव्हतं. अवाढव्य देशात लोकांना उमेदवार माहीत तरी कसे होणार, ही शंकाही तेव्हा खरी होती. पण 'छोट्या राज्यांचं रक्षण' एवढंच शाळेच्या पुस्तकासारखं सांगणं हे अर्धं सत्य झालं.

सुटकेची एक वाट काही राज्यांनी काढली आहे. आमच्या राज्यात कोणीही जिंको, आमचे इलेक्टर देशभरात जास्त मतं मिळवणाऱ्याला देऊ, असा आपसांत करार. २००७ ला मेरीलँडने सुरुवात केली. २०२४ ला मेन आलं तेव्हा करारातल्या राज्यांचे २०९ इलेक्टर झाले. २७० होईपर्यंत तो लागूच होत नाही.

नळस्टॉप:

पाचाला तीन हे माहीत नव्हतं. धन्यवाद. पॅनेलचा मुद्दाही मान्य, पण चौपट मताचा माझा राग कायम आहे.

गेरीमँडरिंग राहिलं की कुणी घेतलंच नाही? मतदारसंघाच्या सीमा सापासारख्या वळवून अध्यक्ष निवडून आणतात ना?

ओमाहाकर:

नाही हो, तो गैरसमज आहे. राज्याच्या सीमा कोण वळवणार? ती भानगड प्रतिनिधिगृह आणि राज्यांच्या विधिमंडळांची. १८१२ ला मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात मतदारसंघाचा आकार सॅलमँडर नावाच्या सरड्यासारख्या प्राण्यागत दिसला, त्यावरून शब्द आला. अध्यक्षीय निवडणुकीत त्याचा थेट परिणाम होऊ शकतो तो फक्त मेनमध्ये आणि आमच्याकडे, कारण आमच्याकडे मतदारसंघवार इलेक्टर आहेत.

पीचट्री:

भाषांतराच्या घोटाळ्यांवर माझीही भर. 'गव्हर्नर'ला मराठी बातम्यांत 'राज्यपाल' लिहितात. अहो, तो लोकांनी निवडलेला असतो, सरकार चालवतो. कामाने तो आपला मुख्यमंत्री. राज्यपाल म्हटलं की डोळ्यांपुढे राजभवन आणि पहाटेचा शपथविधी येतो.

त्याहून वाईट म्हणजे 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'. वॉशिंग्टनमध्ये हा परराष्ट्रमंत्री. पण राज्यात याच नावाचा अधिकारी बहुधा निवडणुकांचा प्रमुख असतो. २०२१ च्या जानेवारीत ट्रम्प यांनी आमच्या जॉर्जियाच्या ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितली, ती याच पदामुळे. बायडन इथे ११,७७९ मतांनी जिंकले होते, त्यात एक मिळवा. गावाकडे माझ्या मामांना वाटलं होतं, ट्रम्प आपल्याच परराष्ट्रमंत्र्याला मतं मागतायत. इथे तोपर्यंत ५० लाख मतपत्रिका हाताने मोजून झाल्या होत्या.

कंदीपेढा:

आणि लाल-निळं? लाल म्हणजे आपल्याकडे कम्युनिस्ट. रिपब्लिकन लाल कसे?

पीचट्री:

टीव्हीमुळे. पूर्वी प्रत्येक वाहिनीचे रंग वेगळे असत. २००० चा निकाल इतके दिवस लांबला की नकाशा लोकांच्या डोळ्यांपुढून हलेचना, आणि ते रंग चिकटले ते चिकटलेच.

ओमाहाकर:

आता प्रायमरी. पेपरात 'प्राथमिक फेरी' छापतात, त्यामुळे क्रिकेटची साखळी वाटते. बाबांना एका वाक्यात कळलं: एबी फॉर्म कुणाला द्यायचा हे हायकमांड न ठरवता मतदार ठरवतात. पक्षाचं तिकीट मिळवायलाच गावोगाव निवडणूक. काही राज्यांत फक्त पक्षाकडे नाव नोंदवलेल्या मतदारांना मत देता येतं, काही ठिकाणी कुणालाही. म्हणून इथे मतदार नोंदणीच्या अर्जावर 'पक्ष' असा रकाना असतो. तो बघून बाबा हादरले. सरकारी कागदावर पक्ष? आपल्याकडे केंद्रावर कुणी 'मी अमक्या पक्षाचा' म्हणाला तर पोलिसाला बोलवायची पाळी.

कॉकस हा त्याचाच जुना अवतार. शाळेच्या नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी जमायचं, चर्चा करायची आणि तिथेच कौल द्यायचा. आमच्या शेजारचं आयोवा त्यासाठी प्रसिद्ध. २०२० पर्यंत तिथले डेमोक्रॅट आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे आणि डोकी मोजायचे. ग्रामसभेत हात वर करतात तसंच. २०२० ला निकाल कळवायचं अ‍ॅप बिघडलं, दिवसेंदिवस आकडे लागेनात, आणि २०२४ ला त्या पक्षाने पहिला मान साउथ कॅरोलायनाला दिला.

प्रायमरीत जिंकतात ते डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी. डेलिगेट आणि इलेक्टर यांची गल्लत करू नका. डेलिगेट तिकीट देतात, उन्हाळ्यात. इलेक्टर अध्यक्ष निवडतात, डिसेंबरात. २१ जुलै २०२४ ला बायडन यांनी माघार घेतली तेव्हा त्यांचे डेलिगेट मोकळे झाले आणि हॅरिस यांच्याकडे वळले. म्हणून पुन्हा प्रायमरी घ्यावी लागली नाही.

तिरकस:

म्हणजे ऐन वेळी उमेदवार बदलायला तिकडेही सोय आहे. बरं वाटलं.

ओमाहाकर:

मतदानाचा दिवस सांगते. मंगळवार का, तर १८४५ चा कायदा. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. पिकं निघालेली, रविवारी चर्च, सोमवारी घोडागाडीने तालुक्याला जायचं, बुधवारी बाजार. देशभर सुट्टी वगैरे नाही. आमचं केंद्र एका चर्चमध्ये होतं. बाबा बाहेर थांबून बंदोबस्त शोधत होते. एकही पोलीस दिसेना. बोटाला शाई नाही, एक स्टिकर मिळतो.

मतपत्रिका बघून तर ते खुर्चीतच बसले (नमुना प्रत घरी आली होती). पुढून-मागून छापलेली. अध्यक्ष, सिनेटच्या दोन जागा, प्रतिनिधिगृह, न्यायाधीशांना ठेवायचं की काढायचं, शाळा मंडळ, आणि वीज मंडळाचे संचालक! नेब्रास्कात वीजपुरवठा लोकांच्या मालकीचा आहे, त्यामुळे संचालकही मतदानाने. शिवाय गर्भपातावर एकमेकांविरुद्ध दोन प्रस्ताव आणि औषधी गांजावर आणखी दोन. अध्यक्षाच्या खालचं हे सगळं म्हणजे 'डाउन बॅलट'. बाबा म्हणाले, "वीज बोर्डाचा संचालक मी निवडायचा असता तर आमच्याकडे भारनियमन झालंच नसतं." मला तेवढी खात्री नाही.

मिशिगनमावशी:

आणि निकालाच्या रात्रीचं सांग ना! आमच्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही की निकाल टीव्हीवाले लावतात.

ओमाहाकर:

तेच तर! पहाटे उठले तर बाबा सोफ्यावर, टीव्ही चालू. विस्कॉन्सिन ट्रम्प यांना दिलं आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने निवडणूक 'कॉल' केली, म्हणजे विजेता जाहीर केला. बाबा म्हणाले, "निवडणूक निर्णय अधिकारी कुठाय? सही कुणाची?" कुणाचीच नाही. ही वृत्तसंस्था १८४८ पासून हे करते आणि सगळा देश मान्य करतो. खरी कागदपत्रं नंतर. कौंटी, मग राज्य निकाल प्रमाणित करतं, गव्हर्नर इलेक्टरांची यादी पाठवतो.

२०२० ला मंगळवारचं मतदान आणि शनिवारी कॉल, यामागेही साधी गोष्ट होती. आपल्याकडे टपाली मतं सगळ्यात आधी मोजायला घेतात. पेनसिल्व्हेनियात कायदा असा की टपाली मतांचे लिफाफे मतदानाच्या दिवशी सकाळपर्यंत उघडायचेच नाहीत. कोविडमुळे ढिगाने टपाली मतं आली होती, त्यात डेमोक्रॅटांची जास्त. रात्री ट्रम्प पुढे, मग रोज थोडे थोडे बायडन पुढे. 'रातोरात मतं घुसवली' ही ओरड त्यातूनच जास्त पसरली. बाबांचं मत: "टेबलं वाढवायची होती."

वकिलीण:

शेवटचा टप्पा ६ जानेवारी. दोन्ही सभागृहं एकत्र बसतात, राज्यांचे लिफाफे उघडतात, अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष. २०२१ ला त्या दिवशी ट्रम्प यांचे समर्थक संसदेत घुसले, ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर २०२२ ला या मोजणीचा कायदा दुरुस्त केला. उपाध्यक्षाचं काम केवळ औपचारिक हे स्पष्ट केलं. पूर्वी प्रत्येक सभागृहातला एकेक सदस्य मिळून हरकत घेऊ शकत, आता दोन्हीकडे एक पंचमांश सदस्य लागतात. ६ जानेवारी २०२५ ला तो मान कमला हॅरिस यांच्याकडे होता. पडलेल्या उमेदवाराने उभं राहून स्वतःचे २२६ आणि प्रतिस्पर्ध्याचे ३१२ वाचून दाखवायचे. २००१ ला गोर यांनाही तेच करावं लागलं होतं.

नळस्टॉप:

इथे एच-वन-बी व्हिसावर असलेले मित्र उत्साहाने उमेदवाराला पैसे पाठवतात. ते चालतं का?

वकिलीण:

अजिबात नाही. परदेशी नागरिकाने कुठल्याही निवडणुकीत देणगी देणं हा गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी देता येते, पण मत देता येत नाही. कुणी आरटीओसारख्या ऑफिसात मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे केला म्हणून सही करून टाकू नका. चुकून दिलेल्या मतानेही पुढे नागरिकत्व अडतं, हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं.

कंदीपेढा:

शेवटचा प्रश्न. पेपरात 'अमेरिकेत मध्यावधी निवडणुका' असं वाचलं. सरकार पडलं होतं का?

ओमाहाकर:

हाहा, नाही. 'मिडटर्म'. अध्यक्षाच्या चार वर्षांच्या बरोबर मध्ये येते. सगळं प्रतिनिधिगृह आणि सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागा. तारीख ठरलेली, सरकार पडायचा प्रश्नच नाही. आपल्याकडे मध्यावधी म्हणजे सभागृह मुदतीआधी बरखास्त झाल्यावरची. शब्द तोच, अर्थ उलटा. कुणाला चांगला प्रतिशब्द सुचतोय का?

बाबांना आत्ताच फोन केला. ते म्हणतात, "'मुदत संपणाऱ्या सदस्यांची सार्वत्रिक निवडणूक' असं लिही. परिपत्रकात तसंच असतं, कुणाचा गोंधळ होत नाही."

तिरकस:

परिपत्रक वाचून गोंधळ न झालेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. बाबांना नमस्कार सांगा.